हातांकडे बघणारी सून

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं ही साधी रीत आहे. सूनबाईने ती सोडली आणि ती माझ्या हातांकडे बघायला लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मला उगाच संशय येत नाही. विमा कंपनीत मी आयुष्यभर दाव्यांची चौकशी केली. दुकानाला आग लागली की लावली, गाडी चोरीला गेली की मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलीय, हे शोधून काढणं माझं काम. संशयावर माझं घर चाललं, मुलाचं शिक्षण झालं, आणि खरं सांगायचं तर मला ते काम मनापासून आवडायचं. निवृत्त झालो तेव्हा कंपनीने ओळखपत्र परत घेतलं. संशय माझ्याकडेच राहिला.

आमची ही गेल्यापासून मी एकटा राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. मुलगा आणि सून बसचे दोन थांबे सोडून राहतात. हे अंतर मला फार सोयीचं वाटतं. हाक मारली तर येतात आणि न मारता येत नाहीत. पण मध्ये एक घोटाळा झाला. मी गॅसवर एकीकडे बटाटे उकडत ठेवले होते, दुसरीकडे चहा. चहा गाळला, रिकामं पातेलं सवयीने परत शेगडीवर ठेवलं, बटण बंद केलं आणि पेपर घेऊन बाहेर बसलो. बंद झाली होती बटाट्यांची शेगडी. बटाटे कच्चे राहिले, पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं आणि नेमका त्याच वेळी मुलगा दारात उभा.

त्याने खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली धरलं आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. वय झालंय बाबा, म्हणाला. आमच्याकडे राहायला या, ही जागा भाड्याने देऊन टाकू. मी ठाम नाही म्हटलं. तो उठताना म्हणाला, "ठीक आहे. पण परत असं काही झालं तर मी ऐकणार नाही. घराची किल्ली माझ्याकडे द्यायची." विषय संपावा म्हणून मी बरं म्हटलं.

म्हणजे अजून एक चूक, की माझं बिऱ्हाड हललं. हे डोक्यात असतानाच पुढच्या रविवारी सूनबाई एक पांढरी पेटी घेऊन आली.

सूनबाईचं काम असं, की यंत्राबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणी वाचत नाही, ती ती लिहिते. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचं यंत्र, सगळ्यांच्या पुस्तिका तिच्या हातच्या. मी तिला चिडवायचो, तुझ्याइतकं खपणारं आणि तुझ्याइतकं न वाचलं जाणारं लिहिणारं दुसरं कुणी नसेल. ती हसायची. पण हल्ली हसेनाशी झाली होती. मुलाला खोदून विचारलं तर तो म्हणाला, ऑफिसात तिचं काहीतरी बढतीचं चाललंय, त्याच्या खटपटीत आहे.

पेटी औषधांची होती. तिच्या कंपनीने नवीन बनवलेली, अजून बाजारात न आलेली. आठवड्याच्या गोळ्या खणांत भरायच्या. वेळ झाली की पेटी वाजते, वरचं गोल बटण दाबायचं, खण उघडतो. सूनबाईने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः भरल्या. पेटी टेबलावर ठेवली, समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला नाही, पेटीला तपासतेय. चुकलं तरी चालेल. मोकळेपणाने वापरा."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी ते शेकडो वेळा म्हटलेलं होतं. जळक्या दुकानात खुर्ची टाकून बसायचं, मालकाला पाणी विचारायचं आणि म्हणायचं, आम्ही तुमची नाही, आगीची चौकशी करतोय, मोकळेपणाने बोला. माणूस मोकळेपणाने बोलायचा आणि त्याचा दावा फेटाळला जायचा.

मी तिला विचारलं, हे बटण दाबायचं का? ती म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, दाबल्यावर काय होईल? ती म्हणाली, काय होईल असं वाटतं? आणि गप्प बसली. प्रश्नाला प्रश्न करायचा आणि मग तोंड मिटून बसायचं, की समोरचा ती शांतता सहन न होऊन आपणहून बडबडायला लागतो. हीसुद्धा आमचीच युक्ती. चोराची पावलं चोराने ओळखावीत तशी मी ती ओळखली. सकाळच्या गोळ्या घेऊन झाल्यात असं सांगून मी तो रविवार टाळला. ती म्हणाली, मग पुढच्या रविवारी येते, तोवर वापरून बघा.

सोमवारी सकाळी पेटी वाजली. मी बटण दाबलं. आवाज थांबला, पण खण उघडला नाही. म्हणून लगेच दोनदा दाबलं. खण उघडला, गोळ्या घेतल्या, पाणी प्यायलो. थोड्या वेळाने पेटी परत वाजायला लागली. मी वैतागून बटण दाबून धरलं, तर दुसरा खण उघडला. वाटलं, या पेटीची देण्याची पद्धतच अशी असेल. त्याही गोळ्या घेतल्या.

नंतर बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून खाली बसलो तो दुपारपर्यंत उठलो नाही. फरशीवर बसून सगळा उलगडा केला. दोनदा दाबलं की पुढचा, म्हणजे रात्रीचा खण उघडतो. पेटीच्या लेखी सकाळच्या गोळ्या राहिलेल्याच होत्या, म्हणून ती परत वाजली. दाबून धरलं तरच वेळेवरचा खण उघडतो. म्हणजे रात्रीच्या आणि सकाळच्या गोळ्या मी एकाच सकाळी गिळल्या होत्या.

हे कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर मुलगा त्याच दिवशी किल्ली घेऊन गेला असता. उठता आल्यावर मी समोरच्या घरात राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेलो आणि थोडे निळे मणी मागून आणले. नातीच्या खेळण्यासाठी, असं सांगितलं. मला नात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी दिले. मी माझ्या गोळ्या जुन्या डबीत काढून ठेवल्या, खणांत मणी भरले आणि सराव सुरू केला. पेटी वाजली की अंगठा ठेवायचा, मनात एक-दोन-तीन म्हणायचं, मग सोडायचं. आठवडाभर दुसरं काम केलं नाही.

रविवारी मणी काढून गोळ्या परत भरल्या. सूनबाईसमोर पेटी वाजली. मी पेपरावरची नजरही न हलवता अंगठा ठेवला, खण उघडला, गोळ्या तोंडात टाकल्या.

"जमलं की तुम्हाला," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा पडला.

मला आणखी पुरावा नको होता. सासऱ्याचं नीट झालं म्हणून जिचा चेहरा पडतो, ती सून काय मनात धरून आली असेल? पुढच्या रविवारीही तेच. मी बिनचूक, ती हिरमुसलेली. जाताना तिने हळूच विचारलं, बाबा, एकदाही अडलं नाही? मी म्हटलं, अडायचंय काय त्यात?

तरी केस पक्की करायची माझी सवय. ती आमच्याकडे चष्मा विसरून गेली होती. तो द्यायचं निमित्त करून मी तिच्या ऑफिसात गेलो. आत सोडणाऱ्या मुलीने मला एका लांब बोळात बसवलं. समोरचं दार अर्धवट उघडं होतं. आत अंधारी खोली, समोर मोठी काच आणि काचेपलीकडे उजेडात एक तरुण टेबलाशी एकटा बसून काहीतरी चालू करायचा प्रयत्न करत होता. त्याला पलीकडचं दिसत नसावं. अंधारात तीन-चार माणसं हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. अशी खोली माझ्या कंपनीकडेही नव्हती. मला मनातल्या मनात हेवा वाटला आणि घामही फुटला.

मग सूनबाईचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, मला अजून एक आठवडा द्या. माझे सासरे एकटे राहतात, वय झालंय. त्यांच्याकडून नक्की चूक होईल.

मी चष्मा त्या मुलीकडे दिला आणि बस न पकडता चालत घरी आलो. राग इतका होता की जिना चढून गेल्यावर दम लागलाय हेही उशिरा कळलं. माझ्या लग्नातली भांडी जिच्या हाती दिली, तिने माझ्याविरुद्ध आठवड्याची मुदत मागावी. त्या आठवड्यात मी कसलीच चूक केली नाही. पेटीची नाही, गॅसची नाही, दाराला कुलूप लावण्याचीही नाही.

रविवारी ती पेटी परत न्यायला आली. थकलेली होती. मी चहासुद्धा विचारला नाही. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली आणि मी मुद्दाम गप्प बसलो, तिचीच युक्ती तिच्यावर.

तिच्या विभागातल्या लेखकांचं पुढे काय होतं, ते ती सांगत होती. एकजण लेखकांवरचा साहेब झाला आणि त्याने लिहिणं सोडलं. एकजणी विक्रीत गेली. एकजण दुकानदारांना यंत्रं शिकवत गावोगाव फिरतो. हिला यातलं काहीच नको होतं. हिला त्या काचेच्या खोलीत काम हवं होतं. तिच्या ऑफिसात त्याला युजेबिलिटी म्हणतात. वस्तू माणसाला वापरता येते की नाही, ते बघायचं.

"मला हे लिहितानाच कळतं, बाबा," ती म्हणाली. "यंत्र चांगलं असलं की सूचना एका ओळीत संपते. जिथे माझं वाक्य लांबत जातं, तिथे यंत्रात खोट असते. या पेटीच्या बटणावर मी पान भरून लिहिलंय."

पण पेटी बनवणारे साहेब म्हणत होते, लोकांना जमत नसेल तर पुस्तिका अजून चांगली लिहा. चाचणीला बसवायची ती ऑफिसातलीच तरुण मुलं, ती कशाला अडतील? तेव्हा हिने सांगितलं होतं, मी एक म्हातारा माणूस दाखवते, जो अडेल. अडला तर बटण बदला आणि त्या खोलीसाठी माणूस नेमा. तो म्हातारा म्हणजे मी.

"तुम्ही एकदाही अडला नाहीत. मी वर तसंच सांगितलं, खोटं कशाला सांगू? साहेब म्हणाले, तुमच्याच सासऱ्यांना जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल. पेटी आहे तशी बाजारात जातेय. खोलीसाठी माणूस नको म्हणाले."

बोलता बोलता तिने गोळ्या काढायला एकेक खण उघडला. शेवटचा उलटा केला, तेव्हा कोपऱ्यात अडकून राहिलेला एक निळा मणी टेबलावर पडला आणि घरंगळत माझ्या कपाशी येऊन थांबला.

तिने मणी उचलला, तळहातावर ठेवला, आणि माझ्यासमोर धरला.

मला तोड सुचली होती. खोटं तयारच होतं. शिवणकामवाल्या ताई आल्या होत्या, त्यांच्या हातून पडला असेल. माझा खोटेपणा पकडायला तिच्याकडे दुसरा एकही पुरावा नव्हता. पण मला तो बाथरूमचा दरवाजा दिसत होता. बाजारात गेलेली पेटी, एखाद्या घरातली एकटी बाई, आणि दोनदा दाबलेलं बटण. मी दुपारी उठू शकलो. सगळे उठतीलच असं नाही.

मी सगळं सांगितलं. मणी, सराव, दोन वेळच्या गोळ्या, फरशीवर काढलेली दुपार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी ती चिडली, हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत? मीही चिडलो, तू माझ्याविरुद्ध मुदत मागत होतीस, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्हाला नाही, पेटीला तपासतेय."

"ते वाक्य मीही म्हणायचो," मी म्हटलं. "म्हणून विश्वास नाही बसला."

ती थोडा वेळ मण्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, हे वर सांगायचं तर तुम्ही पडलात हे सांगावं लागेल. आणि मग ते घरीही लपणार नाही. मुलाचं नाव तिने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी म्हटलं, सांग.

मी स्वतः त्या खोलीत बसून उपयोग नव्हता, मला आता पेटी वापरता येत होती. म्हणून मी दुसरी माणसं नेली. शिवणकामवाल्या ताई, आणि सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे निवृत्त मुख्याध्यापक. खणांत गोळ्यांऐवजी पेपरमिंट भरली होती. मी सूनबाईशेजारी अंधारात बसलो, तिच्या पलीकडे पेटीवाले साहेब.

मुख्याध्यापकांनी आधी पूर्ण पुस्तिका वाचली. भाषा स्वच्छ आहे, म्हणाले. पेटी वाजली आणि त्यांनी बटण चटकन दाबलं, मग दोनदा दाबलं. रात्रीचा खण उघडला, आणि त्यांनी पेपरमिंट तोंडात टाकली. ताईंचं तेच झालं. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई, पण पेटी परत वाजली तेव्हा गोंधळून तिने आमच्या बाजूला बघितलं. तिला फक्त आरसा दिसत असणार. मला राहवेना. दाबून धरा, असं ओरडायला मी उठलो, तेव्हा सूनबाईने माझं मनगट धरलं. मदत करायची नाही, कुजबुजली. आपण मदत केली की खोट झाकली जाते.

गेले सगळे रविवार ती माझ्यासमोर अशीच बसली असणार, हे मला त्या अंधारात कळलं.

साहेब म्हणाले, पुस्तिकेत ही सूचना ठळक अक्षरात घ्या. तेव्हा मात्र मी बोललो.

"खऱ्या गोळ्या असत्या तर या बाई आज बाथरूमच्या दारात बसल्या असत्या. मी बसलो होतो."

साहेबांनी माझ्याकडे, मग सूनबाईकडे बघितलं. पेटी बाजारात जायची थांबली. बटणाचं पुन्हा बघायचं ठरलं. सूनबाईला मोठी बढती वगैरे मिळाली नाही. अर्धा दिवस पुस्तिका लिही आणि अर्धा दिवस त्या खोलीत बस, बघू कसं जमतं, असं सांगितलं. घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती.

मुलगा रविवारी आला. त्याला सगळं कळलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, बाबा, ठरलं होतं आपलं. मी घराची किल्ली टेबलावर ठेवली. या घरात आमची ही गेली. इथली कुठली फरशी पायाखाली हलते हे मला अंधारातही कळतं. मुलाकडे मी पाहुणा होऊन राहणार होतो, पण शब्द दिला होता.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "किल्ली घेण्याआधी चहा टाक. पुढे दूध तापत ठेवलंय, तू मागच्या शेगडीवर टाक."

तो पुटपुटत आत गेला. मीही दारापर्यंत गेलो. आमच्या गॅसला चार शेगड्या आहेत, दोन पुढे, दोन मागे, आणि चारही बटणं खाली एका ओळीत. त्याने मागच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, एक बटण फिरवलं आणि लायटर मागे नेऊन खटखट केलं. काही पेटलं नाही. पुन्हा खटखट केलं. पुढची, रिकामी शेगडी फुसफुसायला लागली. सूनबाईने शांतपणे हात लांब करून खिडकी उघडली. त्याने घाईने बटण बंद केलं, दुसरं फिरवलं, तर दुधाखालची ज्योत विझली.

मला कुठलं बटण ते माहीत होतं. सूनबाईलाही माहीत होतं. आम्ही दोघं दारात उभे राहून त्याच्या हातांकडे बघत होतो आणि दोघंही गप्प होतो.

तो लायटर घेऊन उभा राहिला. बटणांकडे बघितलं, शेगड्यांकडे बघितलं, परत बटणांकडे.

"हे असं कुणी बनवलंय?" तो म्हणाला.

गेल्या वेळी पातेलं जळलं तेव्हा हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तेव्हा तो माझ्याकडे बघून बोलला होता. आता गॅसकडे बघून बोलत होता. सूनबाईने खुणेसाठी बटणाला बांधायला ताईंकडून आणलेल्या रंगीत दोऱ्याचा तुकडा काढला आणि मागच्या शेगडीचं बटण कुठलं, ते मला विचारलं.

मी टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली आणि तिला बटण दाखवायला पुढे झालो.